गुरुत्वाकर्षणाचा खेळसंच: चादर दिखाऊ, दोरा कामाचा

ठाण्यात गोखले रोड-राम मारुती रोडच्या पट्ट्यात किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये खेळण्यांच्या दुकानात गेलात, तर 'विज्ञान' लिहिलेल्या फळीवर हल्ली एक चपटं खोकं दिसतं. चित्रात काळ्या चादरीत रुतलेला पिवळा गोळा, त्याच्याभोवती फिरणाऱ्या रंगीत गोट्या, आणि 'ग्रह सूर्याभोवती का फिरतात?' हा प्रश्न. किंमत हजार ते बाराशे; थोडी घासाघीस केली तर नऊशेलाही देतात. निर्मात्याचं नाव इथे देत नाही, कारण जवळपास हाच माल दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि सगळ्यांचे गुणदोष सारखेच आहेत.

आधी निकाल सांगून टाकतो. संच घेण्यासारखा आहे, पण ज्या चादरीसाठी लोक तो घेतात ती त्यातली सगळ्यात कच्ची वस्तू आहे. पैसे वसूल होतात ते खोक्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या पारदर्शक पिशवीत. ती पिशवी बहुतेक घरांत फोडलीही जात नसेल.

आत काय काय निघतं ते बघू. चार तुकडे जोडून तयार होणारं ६० सेंमी व्यासाचं प्लास्टिकचं कडं, काळं लायक्रा कापड, कापड अडकवायला १२ चिमटे, २०० ग्रॅमचा पोलादी गोळा, काचेच्या सहा गोट्या, गोटी सोडायला एक छोटी पन्हळ, एका बाजूला तोंड ठेवलेली तळहाताएवढी रिंग आणि २४ पानांची पुस्तिका. पिशवीत एक जाडसर नळी, दोरा, भोक पाडलेलं रबरी बूच आणि दहा वायसर.

सुरुवात रिंगेपासून करा. ती जमिनीवर ठेवायची, आतल्या कडेने गोटी जोरात फिरवायची आणि तोंडाशी आल्यावर ती कुठे जाते ते बघायचं. पण त्याआधी मुलांना खडूने अंदाज आखायला सांगा. बहुतेक मुलं रेघ बाहेरच्या दिशेने, म्हणजे केंद्रापासून थेट लांब जाणारी काढतात. काही जण गोटी तशीच वळत राहील म्हणून कमान काढतात. प्रत्यक्षात गोटी तोंडातून निघते ती सरळ, त्या क्षणी तिचं तोंड जिकडे होतं तिकडे. वळवणारी कड संपली, वळणही संपलं. ग्रहांच्या कक्षेचा निम्मा धडा एवढ्यातच होतो: पुढे जात राहायला कुणी ढकलावं लागत नाही, वळायला मात्र कुणीतरी सतत आत ओढावं लागतं. रिंग हरवली तर एखादी मोठी बांगडी घ्या. गोटी तिच्या आत फिरवायची आणि बांगडी झटकन उचलायची.

आता ती पिशवी. दोरा नळीतून ओवायचा, वरच्या टोकाला बूच बांधायचं, खालच्या टोकाला वायसर लटकवायचे. नळी हातात उभी धरून बूच डोक्यावर गरगर फिरवायचं. खाली लटकलेल्या वायसरांचं वजन दोऱ्यातून बुचाला आत ओढतं. सूर्याचं गुरुत्वाकर्षण ग्रहाच्या बाबतीत हेच करतं, फक्त मध्ये दोरा नसतो.

पुस्तिका इथे 'फिरवून मजा बघा' एवढ्यावर थांबते, आणि हाच तिचा मोठा दोष आहे. कारण ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि त्याच्या फेरीचा वेळ यांचं नातं सांगणारा केप्लरचा तिसरा नियम याच सामानातून घरच्या घरी मोजता येतो. कृती अशी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बूच तोला. या संचातलं बूच साधारण १२ ग्रॅमचं असतं. त्याच्या दुप्पट, म्हणजे २४ ग्रॅम वजन होईल इतके वायसर खाली लावा. नळीच्या वरच्या तोंडापासून बुचाच्या मध्यापर्यंत दोरा ५० सेंमी ठेवा आणि नळीच्या खालच्या तोंडाखाली १ सेंमीवर दोऱ्यावर मार्करची खूण करा. फिरवताना ती खूण वर-खाली न सरकता जागेवर राहिली की समजा वेग बरोबर जमला. आता दहा फेऱ्यांना लागणारा वेळ मोजा. तो १० सेकंदांच्या जवळपास येतो.

मग दोरा अर्धा करा, २५ सेंमी. अंतर अर्धं झालं की सूर्याची ओढ चौपट होते, म्हणून वायसरही चौपट, ९६ ग्रॅम. पुन्हा दहा फेऱ्या मोजा. आता वेळ साडेतीन सेकंद. पहिला वेळ दुसऱ्याच्या सुमारे २.८ पट, आणि केप्लरने १६१९ साली मांडलेला नियम हेच सांगतो: अंतर जितक्या पट, त्या आकड्याच्या घनाचं वर्गमूळ काढा, तितक्या पट वेळ. अंतर दुप्पट असेल तर २ चा घन ८, त्याचं वर्गमूळ २.८३, म्हणजे फेरीला २.८३ पट वेळ लागतो. हेच गणित गुरूला लावून बघा. तो सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे. ५.२ चा घन साधारण १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. गुरूचं वर्ष आपल्या ११.८६ वर्षांचं आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. तो तोंडपाठ करण्याआधी एकदा हे करून बघितलेलं बरं.

आता अडचणी. पहिली म्हणजे दहा वायसर पुरत नाहीत. एक वायसर साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून ५० ग्रॅम. दुसऱ्या मापनाला जवळपास दुप्पट लागतात. हार्डवेअरच्या दुकानातून १० किंवा १२ एमएम बोल्टचे वायसर घ्या, पण संख्या मोजत बसू नका, काट्यावर वजन जुळवा. दुसरी, संचातला सुती दोरा. तो नळीच्या कडेवर घासतो, घर्षणाने वेळ चुकतो आणि वीस-पंचवीस फेऱ्यांत तुटतो. त्याऐवजी मासे पकडायची तंगूस घ्या, अर्धा मिलिमीटर जाडीची. तंगुसाची साधी गाठ सुटते, म्हणून तिहेरी गाठ मारून वर डिंकाचा नाही, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाका. नळीचं वरचं तोंड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तिसरी अडचण हाताची: मुलं अख्खा हात गोल फिरवतात, मग त्रिज्या ५० सेंमी राहतच नाही. फक्त मनगट हलवायचं. २५ सेंमीवर बूच सेकंदाला जवळजवळ तीन फेऱ्या मारतं, डोळ्याने मोजणं अवघड जातं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून मोजा. शिवाय ९६ ग्रॅमचं वजन सुरुवातीला बुचाला सरळ नळीपर्यंत खेचून घेतं, त्यामुळे वेग येईपर्यंत वायसर दुसऱ्या हाताने धरून ठेवावे लागतात.

फिरताना दोरा अगदी आडवा राहत नाही, थोडा खाली झुकतो. त्याची काळजी नको. अंतर दोऱ्यावरूनच मोजलंत तर हिशेब बिघडत नाही.

हा प्रयोग दिवाणखान्यात करू नये हे सांगायला हवं, कारण खोक्यावर ते बारीक अक्षरांतही लिहिलेलं नाही. पंखा, टीव्ही आणि धाकट्या भावंडाचा डोळा हे तिन्ही त्याच उंचीवर येतात. मैदानात जा, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मिळवा (हाच सगळ्यात अवघड टप्पा). फिरवणाऱ्याने आणि बघणाऱ्यांनी चष्मा किंवा गॉगल लावावा आणि बघणाऱ्यांनी तीन-चार मीटर लांब उभं राहावं. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात नळी देऊ नये.

बूच फिरत असताना मुलांना विचारा, की बुचाला कोण कोण ओढतंय? हमखास उत्तर येतं, 'दोरा आत ओढतो आणि दुसरं बल बाहेर ओढतं, म्हणून ते मध्ये राहतं.' दुर्दैवाने पुस्तिकेच्या सातव्या पानावर हेच छापलंय. सूर्याकडे एक बाण, उलट दिशेला तेवढाच दुसरा बाण, खाली 'दोन्ही बलांचा समतोल असल्याने ग्रह कक्षेत राहतो'. हे साफ चुकीचं आहे. दोन बलं खरंच एकमेकांना पुरी पडली तर ग्रहावर एकूण बल शून्य होईल, आणि बल शून्य असलेली वस्तू सरळ रेषेत निघून जाते. रिंगेच्या तोंडातून निघालेली गोटी आठवा. बाहेर ओढणारं म्हणून सांगितलं जातं ते केंद्रोत्सारी बल फिरणाऱ्या गाडीत बसून बघणाऱ्याच्या हिशेबात येतं. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला ग्रहावर एकच बल दिसतं, सूर्याकडे ओढणारं. संच विकत घेतलात तर त्या पानावरचा बाहेरचा बाण पेनने खोडून टाका.

मग ग्रह सूर्यात पडत का नाही? पडतो. सारखा पडत असतो. पृथ्वी दर सेकंदाला कक्षेत सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि त्याच सेकंदात सरळ रेषेपासून सूर्याकडे जेमतेम ३ मिलिमीटर सरकते. ३० किलोमीटरला ३ मिलिमीटर, एवढंच वळण, आणि तेवढ्याने वर्षभरात फेरी पुरी होते. चंद्राचंही असंच: सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे आणि १.४ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी पृथ्वीकडे. जमिनीवर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट लांब, म्हणजे ओढ ६० गुणिले ६०, ३६०० पट कमी. ४.९ मीटरला ३६०० ने भागून बघा, चंद्राचा आकडा मिळतो. झाडावरून फळ पाडणारी आणि चंद्राला फिरवणारी ओढ एकच आहे हे न्यूटनने याच भागाकाराने ताडून पाहिलं, आणि १६८७ साली छापून जगापुढे ठेवलं. पुस्तिकेत न्यूटनचं चित्र आहे, सफरचंद आहे, हा भागाकार नाही.

न्यूटनच्या तोफेला पुस्तिकेने अर्धं पान दिलंय आणि ते बरं आहे. उंच डोंगरावरून आडवा गोळा डागायचा. वेग वाढवत नेला की तो लांब लांब पडतो. शेवटी असा वेग येतो की गोळा जितका खाली पडतो तितकीच जमीनही खाली वळते. आकडे मात्र दिलेले नाहीत, ते घालून घ्या: पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ७.९ किलोमीटरला ४.९ मीटर वळतो, म्हणून तो वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर. अर्थात हवा नाही असं धरून.

आणखी एक चूक पान ११ वर. 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे अंतराळवीर तरंगतात.' आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. ते नसतं तर स्थानक फिरलंच नसतं. स्थानक, अंतराळवीर आणि त्यांचा टूथब्रश, सगळे एकत्र, एकाच दराने पडत असतात. म्हणून कुणी कुणावर टेकत नाही. वेगाची कल्पना यावी म्हणून: सीएसएमटी ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर अंतराळ स्थानक पाच सेकंदांच्या आत कापतं. फास्ट लोकलचा वेळ तुम्हाला माहीतच आहे.

आता चादर, जिच्यासाठी खोक्याची किंमत आहे. दिसते झकास. पाच-सहा वर्षांची मुलंही तासभर खिळून राहतात, आणि जवळ आलेली गोटी वेग घेते, लांब गेलेली मंदावते ही गोष्ट चादर बरोबर दाखवते. ग्रहही असंच करतात. पण संचातली मापं चुकलीत. ६० सेंमीचं कडं आणि २०० ग्रॅमचा गोळा म्हणजे खड्डा उथळ, आणि गोटी तीन-चार फेऱ्यांत मध्ये जाऊन आदळते. ८०-९० सेंमीचा हुला हूप घ्या, स्टेशन परिसरातल्या कापडवाल्यांकडून दीड मीटर लायक्रा आणा आणि मध्ये गोळ्याऐवजी अर्धा ते एक किलोचं वजन ठेवा. कापड दुकानातच उभं आणि आडवं, दोन्हीकडे ताणून बघा. एकाच दिशेला ताणलं जाणारं कापड घेतलंत तर खड्डा लांबट होतो आणि गोटीची वाट वाकडी पडते. १२ चिमटे अपुरे पडतात, मोठ्या हूपला २० ते २४ बाइंडर क्लिपा लागतात. त्या एका बाजूने ओळीने लावत जाऊ नका. घड्याळाचे १२ आणि ६, मग ३ आणि ९, अशा समोरासमोर लावल्या तरच ताण सारखा बसतो. वजन ठेवण्याआधी मधोमध एक गोटी सोडून बघा. ती एकीकडे घरंगळली तर हूप समपातळीत नाही. चार प्लास्टिकच्या स्टुलांवर हूप ठेवला की काम भागतं, पण खाली सतरंजी अंथरा. लाद्यांवर गोट्या पडायला लागल्या की खालच्या मजल्यावरचे काका दहाव्या मिनिटाला दारात हजर.

गोटी सोडताना मुलं ती मधल्या वजनाकडे फेकतात. पन्हळ कडेला समांतर धरा, म्हणजे गोटी आडव्या वेगाने निघेल. काचेची १६ मिलिमीटरची गोटी, साधारण ५ ग्रॅमची, उत्तम. टेबल टेनिसचा चेंडू पंख्याच्या वाऱ्याने भरकटतो. जड गोळी घेतली तर ती स्वतःचाच खड्डा पाडत चालते.

एवढं करूनही चादर तीन ठिकाणी फसवते. पहिलं, गोटी उतारावरून घरंगळते ती पृथ्वीच्या ओढीमुळेच, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरतो. हुशार मूल हे दोन मिनिटांत पकडतं आणि पुस्तिकेकडे त्याला उत्तर नाही. दुसरं, अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण चौथ्या हिश्श्यावर येतं, पण ताणलेल्या कापडाचा उतार फार तर निम्म्यावर येतो. त्यामुळे चादरीवर फेऱ्यांचे वेळ मोजून केप्लरचा नियम कधीच निघत नाही, आणि गोटीचं लंबवर्तुळ दर फेरीला दिशा बदलत फुलासारखी नक्षी काढतं. विज्ञान प्रदर्शनात चादर मांडून खाली केप्लरचं सूत्र लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं; परीक्षकाने घड्याळ काढलं तर पंचाईत होईल.

तिसरी फसवणूक सगळ्यात मोठी. गोटी घर्षणामुळे वेग गमावते आणि गिरक्या घेत मध्ये पडते. मुलांचा समज होतो की पृथ्वीही एक दिवस अशीच सूर्यात जाणार. ग्रहांच्या वाटेत त्यांना अडवणारी हवा नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी ज्या फिरत्या वायू-धुळीच्या तबकडीतून ते घडले, तिचीच फिरकी त्यांच्याकडे आजही आहे. चादर खरं तर दुसऱ्या गोष्टीचं चांगलं उदाहरण आहे: खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं. तिथे अगदी विरळ का होईना, हवा असते. ती उपग्रहाला हळूहळू खाली आणते, म्हणून अंतराळ स्थानकाला अधूनमधून इंजिन पेटवून वर ढकलावं लागतं. स्कायलॅब या अमेरिकेच्या जुन्या अंतराळ प्रयोगशाळेला तसं ढकलता आलं नाही आणि ११ जुलै १९७९ ला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. घरात आजी-आजोबा असतील तर स्कायलॅबच्या त्या दिवसांत काय घबराट होती ते त्यांनाच विचारा. गोटी मध्ये पडताना 'ही पृथ्वी' म्हणू नका, 'ही स्कायलॅब' म्हणा. चादर लगेच खरं बोलायला लागते.

पुस्तिकेतलं एक पान खरोखर चांगलं आहे, चांद्रयान-३ चं. १४ जुलै २०२३ ला उड्डाण, पृथ्वीभोवती कक्षा लांबवत नेणं, मग चंद्राकडे प्रस्थान, ५ ऑगस्टला इंजिन पेटवून वेग कमी करणं जेणेकरून चंद्राला यान धरून ठेवता येईल, आणि २३ ऑगस्टला उतरणं. वेग बदलला की कक्षा बदलते, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

पण त्याच्याच समोरच्या पानावर पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढली आहे, आणि त्यातून मुलं अनुमान काढतात की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. कागदावर कक्षेची अर्धी लांबी १० सेंमी घेतली, तर दोन नाभींमधलं, म्हणजे लंबवर्तुळ काढताना टाचण्या टोचायच्या दोन बिंदूंमधलं, अंतर ३.३ मिलिमीटर येतं आणि लंबवर्तुळ डोळ्याला चक्क वर्तुळ दिसतं. दोन टाचण्या, दोऱ्याचा फास आणि पुठ्ठा घेऊन काढून बघा. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर, असते जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा ठाणेकर वर्षातून एकदा कपाटातला स्वेटर काढतात. सगळ्यात लांब, १५.२ कोटींवर, जुलैमध्ये.

आकारांचं चित्रही असंच सोयीसाठी आखडलेलं आहे. सूर्य १० सेंमीचा धरला तर पृथ्वी मिलिमीटरभरही नाही आणि ती पावणेअकरा मीटर लांब. असा सूर्य ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या दाराशी ठेवलात तर नेपच्यूनसाठी तलावपाळीने सव्वातीनशे मीटर चालत जावं लागेल, आणि तो सूर्याभोवतीची एक फेरी १६५ वर्षांनी पुरी करील.

दुकानात खोकं उघडून दाखवायला सांगा. बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. कड्याचे चार तुकडे जोडून बघा, सांधे सैल असतील तर चिमटे लावल्यावर कडं वाकतं. बुचाला आरपार भोक आहे ना ते बघा. काही खोक्यांत त्याऐवजी वर चिकटवलेली कडी असते. ती फिरवताना सुटते आणि बूच कुणाच्या तरी अंगावर जातं, तसं असेल तर खोकं बदलून मागा. नळी काचेची दिली असेल तर ती बाजूला टाकून जाड पेनची रिकामी नळी वापरा. हुला हूप, लायक्रा आणि क्लिपा घरी आधीच असतील, तर संच घेऊच नका: बूच, तंगूस, पेनची नळी आणि वीस-पंचवीस वायसर सुटे घेतले तर ते त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतं.